चुंबकाचा पट्टा

संज्याची माय,

तेरवीच्या दिवशी तू बोलली. दुसरी पंगत बसली होती. मी मांडवाच्या खांबाले टेकून बसलो होतो आणि माह्या पाठीमागून तुहा आवाज आला. "कामून पळती बाई एवढी? घोटभर पाणी पी. बस जराशी." मी वळून पाह्यलं. एक अनोळखी पोरगी तोंडाले ओढणी लावून रडत होती आणि तिच्या पर्समधून तू तेच पुन्हा बोलत होती, त्याच देऊळगावच्या हेलात. बेचाळीस वर्षं चिखलीत राह्यली, पण तुह्या तोंडातलं ते माहेरचं 'कामून' काही आमच्यासारखं 'काऊन' झालं नाही.

माह्या हातातला गिलास खाली पडला. लोकाईले वाटलं म्हाताऱ्याले चक्कर आली. संज्यानं मले आत नेऊन निजवलं, डोक्यावर पंखा लावला. मी पडल्या पडल्या इचार करत राह्यलो. ही पोरगी कोण? तिच्यासोबत आणखी तिघी होत्या, त्याही तुह्या फोटोपुढं सख्ख्या नातीसारख्या रडल्या. यातल्या एकीलेही मी कधी पाह्यलं नव्हतं. बायको माही, आणि तिच्यासाठी रडणारे लोक मले माहीत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे गेले. संज्या जालन्याले कामावर गेला. मी वैशूले समोर बसवलं. तू असती तर म्हटलं असतं, पोरीचा चहा तरी होऊ द्या. मी होऊ दिला नाही.

"तुह्या आजीचा आवाज त्या पोरीजवळ कसा?"

"अ‍ॅपमधून आला, आबा."

"तुह्या आजीले फोन लावता येत नव्हता."

"तिले फक्त बोलायचं होतं. ती भाकरी थापत होती, मी रेकॉर्ड केलं."

"मी कुठं होतो?"

"दुकानात."

मग तिनं सांगितलं. एकदम नाही सांगितलं, मी जेवढं इचारलं तेवढं. तुह्याच तालमीत तयार झाली आहे पोरगी.

तुले तो दिवस आठवतच असन. मागच्या वर्षी आपण जेवायले बसलो होतो आणि वैशू कॉलेजातलं सांगत होती की ती एक मनगटी पट्टा करून राह्यली. पोरापोरींचा ताण वाढला की त्या पट्ट्याले कळते, कातडीवर उजेड टाकून तो नाडी मोजते आणि फोनवर तसं सांगते. मी म्हटलं, ताण घड्याळाच्या स्प्रिंगले असते, माणसाले काम असते. चौथी झाल्यावर मी दुकानात बसलो, मले कोणी इचारलं नाही तुह्या मनात काय चाललं म्हणून. तू तव्यावरची भाकरी उलटली आणि मागं न पाहता म्हटलं, "स्प्रिंग तुटल्यावरच आणतात न लोक तुमच्याकडं."

मी ताटावरून उठलो.

त्यानंतर घरात त्या पट्ट्याचं नाव निघालं नाही. मले वाटलं पोरीनं दुसरं काही घेतलं. आता कळते की त्याच दिवसापासून तुम्ही दोघीईनं मिळून ते काम केलं आणि मले बाहेर ठेवलं. या घरात मनगटाचं काम करणारा माणूस कोण होता? बसस्टँडसमोर माही टपरी आहे, आख्ख्या तालुक्याची मनगटं माह्या हाताखालून गेली. बारीक हाडाची, केसाळ, घामट, पट्ट्यानं खाज सुटणारी. घड्याळ हाडाच्या एक बोट वर बांधलं की हलत नाही, हे मले अर्ध्या झोपेत माहीत आहे. वैशू म्हणते, सुरुवातीचे चार महिने पट्टा हातावर घसरे आणि नाडी चुकीची दाखवे. चार महिने. मले इचारलं असतं तर मी चहा संपायच्या आत सांगितलं असतं.

पण तुम्ही इचारलं नाही.

आणि तू काय केलं ते सांगू? संक्रांतीच्या आधीची गोष्ट आहे. तू टपरीवर आली, पदराखालून एक काळा कापडी पट्टा काढला आणि म्हटलं, "याले अजून एक भोक पाडून द्या. सैल होते."

मी म्हटलं, "हे काय आणलं?"

"मनगट दुखते. चुंबकाचा पट्टा हाय. बाजारात एक बाई इकत होती."

मी चाचपून पाह्यलं. आत काहीतरी कडक होतं. "हे?"

"तेच चुंबक."

मी पंचनं भोक पाडलं, काठाले मेण लावलं, तुह्या हातावर बांधून पाह्यलं. आणि तुले बजावलं की चुंबक घालून माह्या टेबलाजवळ यायचं नाही, घड्याळं बिघडतात. तू मान हलवली. त्या दिवसापासून तू माह्या टेबलाजवळ आली नाही. चहा आणायची तर बाहेरच्या बाकावर ठेवून जायची. मी मनात म्हणे, पाहा, बाई सांगितलेलं ऐकते. आता कळलं की आतमध्ये ती उजेड टाकणारी काच होती आणि ती मले दिसू नये म्हणून तू वरून कापडाची चिंधी शिवून आणली होती. म्हणजे घरून तयारी करून आली होती. संज्याची माय, मी तुह्या हातानं वाढलेलं बेचाळीस वर्षं न पाहता खाल्लं. आणि तू माह्या समोर बसून माह्याच हातून मले फसवलं.

मंगळवारी तू भजनाले जायची. ते भजन नव्हतं हेही आता कळलं. वैशू तुले अभ्यासिकेत न्यायची, बसस्टँडच्या मागच्या. तिथं पोरी सकाळपासून बसतात, कोणी पोलीस भरतीसाठी, कोणी डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी. वैशूनं पहिला पट्टा त्यांच्या हातावर बांधला तो प्लास्टिकचा होता, घड्याळासारखा. नाडी पळाली की फोन म्हणे, आपला तणाव वाढला आहे, कृपया दीर्घ श्वास घ्या. चार दिवसांत साऱ्या पोरींनी काढून दिला. एकीनं म्हटलं, बाजूची पोरगी इचारते तुले कोणता रोग हाय. वैशू घरी येऊन रडली. मी ते रडणं ऐकलं होतं. मले वाटलं नापास झाली.

तू तिले म्हटलं, हे मले वैशूनं जसंच्या तसं सांगितलं, "चार लोकात कोणी म्हटलं तू घाबरली, तर नसन घाबरली तरी घाबरन. माहं ऐक. मनगटावर काळा दोरा साऱ्याच बांधतात, कोणी इचारत नाही. तसा कर. आणि त्या फोनले सांग, श्वासाचं राहू दे. पोरीले पाणी पी म्हण."

मग तू शिवणयंत्रावर बसली. काळ्या कापडाचे पट्टे शिवले, आतमध्ये त्या यंत्रासाठी खिसा, खाज सुटू नये म्हणून आतून जुन्या धोतराचं मऊ कापड. ते धोतर माहं होतं. मी दोन दिवस शोधलं होतं. तू म्हटलं होतं, बोहारणीले गेलं.

खरं सांगतो, हे ऐकताना मले एका जागी हसू आलं. वैशूनं सांगितलं की तू आवाज द्यायले बसली तेव्हा पहिल्या खेपेले म्हटलं, "पाणी पी बाई, आणि घरी आईले फोन कर, ती वाट पाहते." वैशू म्हणाली, आजी, एवढं मोठं नको. तू म्हटलं, "मंग बाईनं घोटभर पाणी प्यावं म्हणून एवढं यंत्र केलं का तुम्ही?" पोरगी तुही नक्कल चांगली करते. आम्ही दोघं हसलो. तुह्या मागं पहिल्यांदा. मग मले आठवलं की हे तू सैपाकघरात बोलत होती तेव्हा मी दहा मिनिटांच्या वाटेवर बसलो होतो, आणि माहं हसू आटलं.

त्या पोरींमधली जी पर्सवाली होती, ती तुह्यामुळं परीक्षेले बसली म्हणते. आधीच्या वर्षी हॉलच्या दारातून परत आली होती. तू तिच्यासाठी एवढं केलं, चांगलं केलं. मी त्याले वाईट म्हणत नाही. पण मी ते तिच्या तोंडून ऐकावं का?

इथपर्यंत मी सोसलं असतं. पुढचं सोसवत नाही.

मी वैशूले म्हटलं, तुह्या आजीच्या हातावर तो पट्टा होता, मग तिचं काय मोजलं ते दाखव. ती म्हणाली, राहू द्या आबा. मी म्हटलं, दाखव. ती म्हणाली, आजीनं नाही म्हटलं होतं. मी म्हटलं, आजी गेली, आता मी आहे.

तिनं फोन दिला. रोजची एक रेघ. जिथं रेघ उंच गेली तिथं वैशू तुले संध्याकाळी इचारे की या वेळेले काय झालं, आणि तू सांगे ते ती खाली लिहून ठेवे. मले मराठी वाचता येते, एवढं तरी मास्तरनं शिकवलं. मी बोटानं सरकवत वाचत गेलो. दूध उतू गेलं. संज्याचा फोन आला नाही. गल्लीत कुत्रं चावलं एकाले. आणि रोज दोनदा, दुपारी एकदा आणि दिवेलागणीच्या आधी एकदा, रेघ सरळ उभी. खाली लिहिलेलं, आबा आले. आबा आले. आबा आले. एका ठिकाणी लिहिलं होतं, आबा खाकरले.

मी फोन खाटेवर ठेवला. म्हटलं, "मी तिच्यावर कधी हात उगारला का?"

"नाही आबा."

"दारू पेलो?"

"नाही."

"मंग?"

वैशूनं खाटेवरचा फोन उपडा ठेवला. मग म्हणाली, "तुम्ही फाटकात खाकरले की आजी हातातलं टाकून उठे. पाय दुखत असले तरी उठे. तुम्ही ओट्यावर यायच्या आत पाण्याचा तांब्या तिथं पाह्यजे. नसला तर तुम्ही बोलत नसत, आबा. नुसते उभे राहत. ते तुम्ही उभे राहत न, त्याचंच."

तुले ठाऊक आहे मले खाकरायले कोणी शिकवलं. माह्या बापानं. बाईमाणूस घरात मोकळी बसलेली असते, पदर खाली असते, माणसानं एकदम शिरू नये, फाटकातून खाकरावं. बाप म्हणे, हा बाईचा मान आहे. मी तो मान तुले रोज दिला. एक दिवस चुकवला नाही. तू नवी नवरी होती तेव्हापासून. मी समजत होतो की मी चांगला माणूस आहे म्हणून खाकरतो.

वैशूनं मले समजवायले पाह्यलं. म्हणे, आबा, नाडी आनंदानंही पळते, पट्ट्याले भीती आणि आनंद यातला फरक कळत नाही, हीच तर आमची अडचण आहे, म्हणून तर माणसाले इचारून लिहून घ्यावं लागते. मी म्हटलं, मग तू इचारलं न तिले? काय म्हणाली? पोरगी पुन्हा आनंदाचंच सांगायले लागली. घड्याळाच्या दुकानात पन्नास वर्षं बसलो, बंद पडलेलं घड्याळ हालवून चालू दाखवता येते हे मले माहीत आहे. मी म्हटलं, मले हालवून दाखवू नको.

मग मी निलाजऱ्यासारखं एक इचारलं. म्हटलं, ती माह्याजवळ बसली आणि रेघ खाली होती, असं एखादं सापडते का पाह्य. तिनं शोधलं. खरंच शोधलं, मी तिच्या तोंडाकडं पाहत होतो. मीच म्हटलं, संक्रांतीच्या आधी ती टपरीवर आली होती, मी तिच्या हातावर पट्टा बांधून पाह्यला, आम्ही बोललो, ती हसलीही होती. तो दिवस काढ. वैशूनं काढला. त्या वेळेले रेघच नव्हती. भोक पाडायले म्हणून पट्टा बंद करून आणला होता.

म्हणजे मले जे पाहिजे होतं तेवढंच मोजलं नाही.

तू मले का सांगितलं नाही? हे मी तुह्या फोटोले रोज इचारून राह्यलो. संज्याले सांगता आलं असतं. भांडता आलं असतं. भांडायले तू काही कमी नव्हती, शेजारच्या बाईशी नळावरून तू आठ दिवस भांडली होती. एक दिवस मले म्हटलं असतं की तुमचं खाकरणं मले सहन होत नाही, आणि पाणी तुमचं तुम्ही घेत जा. मी चिडलो असतो. ताटावरून उठलो असतो, हे मी मान्य करतो. दोन दिवस बोललो नसतो. पण तिसऱ्या दिवशी, मले वाटते, मी खाकरलो नसतो. मले वाटते. हे खरं की खोटं ते पाहायची संधी तू मले दिली नाही. तू ती गोष्ट एका पट्ट्याले सांगितली आणि नातीले सांगितली. माही बाजू न ऐकता तू निकाल लावला आणि निघून गेली, दुपारी, ओट्यावर बसल्या बसल्या, डॉक्टर म्हणाला डोक्यात रक्त उतरलं. मी तेव्हाही टपरीवर होतो.

मागच्या आठवड्यात वैशू कागद घेऊन आली. कॉलेजात आता हे काम मांडायचं आहे. तिनं पोरींच्या रेघा लावल्या आहेत, नावं झाकून. तुही रेघ लावू का म्हणून इचारायले आली. म्हणे, आजीच्या रेघेवरूनच आम्हाले कळलं की काळीज गोष्ट घडल्यावर नाही, घडायच्या आधी पळते. म्हणून आता पट्टा आधीच हलका थरथरते, पोरगी हॉलच्या दारात पोचायच्या आत. तुह्या रेघेखाली तिनं लिहिलं होतं, 'कौटुंबिक कारण'.

मी म्हटलं, "हे कोणतं कारण? वाचणाऱ्याले वाटन सुनेशी पटत नव्हतं. तुही आई उगाच बदनाम होईन."

"मंग काय लिहू?"

"जे होतं ते लिही. नवरा फाटकात खाकरला."

"आबा, लोक तुम्हाले नावं ठेवतीन."

"ठेवू दे. दुरुस्तीच्या चिठ्ठीवर मी लिहितो, घड्याळ मागं पडते. घड्याळाचं कौटुंबिक कारण असं लिहितो का?"

तिनं खोडून लिहिलं. माह्या समोर लिहिलं. अक्षर तुह्यासारखं नाही, तुले तर सही पुरती येत होती, पण लिहिताना जीभ बाहेर काढते ती तुहीच सवय. आता त्या पोरींचे पट्टे माह्या टेबलावर येतात. भोकं मी पाडतो, एक बोट वर कसं बांधायचं ते मी दाखवतो. त्या मले आबा म्हणतात. मी फार बोलत नाही. तुले मिळालेलं मले कसं मिळन.

तुहा पट्टा मी वैशूकडून मागून घेतला. त्याले माह्या हाताले येईल असं अजून एक भोक पाडलं आणि काल हातावर बांधला. तिनं माह्या फोनात ते अ‍ॅप टाकून दिलं. दिवसभर टपरीवर काही झालं नाही. एका गिऱ्हाइकाशी हुज्जत झाली, तरी पट्टा गप.

संध्याकाळी घरी आलो. वाटेतच ठरवलं होतं की खाकरायचं नाही. आता आत तू कुठं आहे खाकरायले. फाटकाची कडी काढली आणि घशाले जी सवय आहे ती आहे, मी खाकरलो.

पट्टा थरथरला. आणि शर्टाच्या खिशातून तू म्हणाली, "कामून पळती बाई एवढी? घोटभर पाणी पी. बस जराशी."

मी ओट्याच्या पायरीवर बसलो. तांब्या नव्हता. थोड्या वेळानं उठून आत गेलो. माठ दिसला, गिलास दिसेना. तू गिलास कुठं ठेवायची हे मले माहीत नाही. वैशू आतल्या खोलीत होती, तिले हाक मारली नाही. दोन फळ्या पाह्यल्या, मग चुलीमागची पाह्यली. तिथंही नव्हता. शेवटी ओंजळीनं पेलो.